गणपतीला जा, पण रात्री नको आणि मांडीवर नको

प्रिय ताई,

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. सासरचं गाव कणकवलीजवळ. घरचा गणपती, गौरी-विसर्जनापर्यंत. या गणपतीत माझी मुलगी पाच महिन्यांची होईल. सासऱ्यांचा बेत असा : चतुर्थीच्या आदल्या दिवशी यांचं ऑफिस सुटलं की रात्री दहाला निघायचं, म्हणजे रस्ता मोकळा, बाळ झोपेत, आणि सकाळी पूजेला हजर. गाडी सात सीटची आहे, पण मागची रांग पाडून सामान भरतात. उरलेल्या पाच जागांवर सासू-सासरे, दीर, हे आणि मी. बाळ माझ्या मांडीवर. मी बाळाच्या कार सीटचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझी दोन्ही पोरं एसटीत मांडीवर बसूनच गावी गेली. दहा हजार कशाला घालवायचे?’’ माझी आई म्हणते, भर पावसात घाटातून एवढंसं बाळ नेऊच नकोस. नवरा म्हणतो, ‘‘तू आणि आई मिळून ठरवा, मला काहीही चालेल.’’ नाही गेले तर जन्मभर ऐकावं लागेल, गेले तर रस्ताभर जीव टांगणीला. काय करू? मला अहोजाहो करू नका.

– दोन आयांच्या मधली आई

*

प्रिय मधली आई,

जा. पूर्ण दिवसांनी जन्मलेलं, वजन नीट वाढणारं, सर्दी-ताप नसलेलं पाच महिन्यांचं बाळ गाडीनं कोकणात जाऊ शकतं. निघण्याआधी आठवडाभर तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव आणि लसींचं वेळापत्रक बघ. लस दिल्यावर एक-दोन दिवस अंग गरम राहतं, चिडचिड होते, तेव्हा लस आणि प्रवास एकमेकांना खेटून नकोत. तुझ्या मुलीचा जन्म दिवस भरण्याआधीचा असेल किंवा जन्मानंतर ती काचेच्या पेटीत राहिली असेल, तर मात्र माझ्या ‘जा’ला किंमत नाही. डॉक्टर म्हणतील तेच.

तुझं पत्र वाचताना मला जाणवलं, की जायचं की नाही यावरून घरात एवढी ओढाताण चाललीय, पण खरी अडचण जाण्यात नाहीच. ती सासऱ्यांच्या बेतातल्या दोन गोष्टींत आहे. एक, रात्रीचं ड्रायव्हिंग. दोन, मांडी. या दोन्हींवर तसूभरही हलू नकोस. बाकी सगळं सोडून दे. चहाला कुठे थांबायचं, कंदी पेढे कोणाकडचे घ्यायचे, कानामागे तीट किती मोठी लावायची, निघताना दृष्ट काढायची की पोचल्यावर, हे सगळं सासूबाईंच्या पदरात घाल. दहा गोष्टींत ‘हो’ म्हणणाऱ्या सुनेचे दोन ‘नाही’ घरात ऐकले जातात.

आधी मांडीचं बोलू. सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. त्यांची पोरं एसटीत मांडीवर बसून सुखरूप गेली, हे खरंच. पण रडतखडत जाणारी ती जुनी एसटी वेगळी आणि पुणे-बंगळूर हायवेवर शंभरच्या काट्याला टेकलेली तुमची गाडी वेगळी. ताशी पन्नासच्या वेगानं जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतल्या प्रत्येकाचं वजन त्या क्षणापुरतं वीस पटीहून जास्त होतं. सहा किलोचं बाळ म्हणजे शंभर किलोच्या वरचा हिसका. तो कुठल्याही आईच्या, कितीही बळकट हातांना पेलत नाही. यात प्रेमाचा प्रश्न येत नाही. आणि तुझा सीट बेल्ट बाळावरून घेऊन दोघींना एकत्र बांधायचा विचार कोणी सुचवला, तर तो त्याहून वाईट. धडकेत तुझंच वजन तिच्यावर येतं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली सुधारणा झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा मुलांच्या सीटनं सुरक्षित बसवलेलं नसेल तर हजार रुपये दंडाची तरतूद आहे. हे सासऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. नियमाचं नाव काढलं की काही पुरुषांना गोष्टी लवकर पटतात.

दहा हजारांचं म्हणशील, तर शून्य ते अठरा किलोपर्यंत चालणारी सीट घे. आता मागे तोंड करून आणि मोठी झाल्यावर पुढे तोंड करून लावता येते, साधारण चार वर्षं निघतात. म्हणजे खर्च एका गणपतीचा नाही, चार गणपतींचा. सीटच्या बुडाला किंवा पाठीला ‘आर 44’ किंवा ‘आर 129’ (मुलांच्या सीटच्या सुरक्षेच्या मानकांचे क्रमांक) लिहिलेलं नारिंगी लेबल आहे का ते बघून घे. ते नसेल तर ती नुसती गादीवाली खुर्ची समजायची. कोणा नातेवाइकाची वापरलेली मिळाली तर चालेल, फक्त ती अपघातातून गेलेली नसावी, पट्टे मूळचे असावेत आणि त्यावर छापलेली वापराची मुदत उलटलेली नसावी.

सीट मधल्या रांगेत, डाव्या खिडकीशी, म्हणजे उतरताना रहदारीच्या बाजूला दार उघडावं लागत नाही. तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. पुढच्या सीटवर कधीच नाही, कारण समोरची एअरबॅग फुटली तर ती थेट मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवर आपटते. पाठ इतकी कललेली हवी, की झोपल्यावर हनुवटी छातीला टेकणार नाही. या वयात मान सावरत आलेली असली तरी झोपेत डोकं पुढे पडलं की श्वासाची वाट दुमडते, आणि मागे बसलेल्याला वाटतं काय छान झोपलीय. खांद्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवेत. पट्टा लावून झाला की खांद्याजवळ दोन बोटांच्या चिमटीत धरून बघ. पट्टीची घडी चिमटीत आली तर ढिला आहे, अजून ओढ. बोटं नुसती घसरली तर बरोबर. मानेभोवतीच्या त्या वेगळ्या विकत मिळणाऱ्या उशा आणि पाठीखाली घालायच्या गाद्या नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचं : बाळाला गोधडीत किंवा दुपट्यात गुंडाळून वर पट्टा बांधायचा नाही. अंगडं-टोपरं घालून आधी पट्टा, मग गोधडी वरून. एसीत गार वाटेल म्हणून आजी नेमकं उलटं करणार, तेव्हा हे आधीच बोलून ठेव.

सीट आणलीस की निघायच्या दिवशी पहिल्यांदा बसवू नकोस. पुढचे तीन-चार रविवार सकाळी तिला घेऊन चक्कर मारा. एकदा नुसतं स्वारगेटपर्यंत, मग नवले पुलावरून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत आणि परत. लहान बाळांना चालती गाडी आवडते, उभी गाडी आवडत नाही. सिंहगड रोडच्या सिग्नलला ती कशी आकांत करते आणि कात्रजचा चढ लागल्यावर कशी डुलकी घेते, हे तुम्हाला तिथेच कळेल. या चक्करीत सासूबाईंना शेजारी बसव. सीटच्या बाजूची जागा त्यांची. खुळखुळा त्यांच्या हातात, टोपरं सरळ करायचं काम त्यांचं. बाळ रडायला लागलं की त्यांचा हात आपोआप पट्ट्याच्या बटणाकडे जाईल, हेही तिथेच दिसेल. तेव्हा ‘‘आई, काढू नका’’ म्हणण्यापेक्षा ‘‘आई, तुमचं ते गाणं म्हणा ना, तुमच्याकडेच राहते ती’’ म्हण. तरी थांबली नाही तर गाडी बाजूला घेऊन, पूर्ण थांबवून, मग बाळ काढायचं. चालत्या गाडीत पट्टा सुटणार नाही, एवढा एकच नियम आजीला द्यायचा. दहा नियम दिलेस तर एकही राहणार नाही.

आता जागेचं गणित. पाच मोठी माणसं आणि एक सीट, मागची रांग सामानानं भरलेली, म्हणजे बसत नाहीच. दिराला एसटीनं पाठव. गणपतीत स्वारगेटहून जादा गाड्या सुटतात, तो तरणाताठा आहे आणि रात्रीची एसटी त्याला जितकी सोसेल तितकी तुझ्या मुलीला सोसणार नाही. एखादी मोठी बॅगही त्याच्याबरोबर जाईल. गाडीतलं उरलेलं सामान नीट दाबून, बांधून ठेवा. पितळी समई, स्टीलचे डबे, नारळाची पिशवी हे सगळं बाळाच्या डोक्यामागे मोकळं पडलेलं असणं मला पटत नाही. ब्रेक लागला की ते पुढे येतं.

दुसरा ‘नाही’ रात्रीचा. सासऱ्यांच्या बेतात एक गोष्ट खरी आहे, रात्री रस्ता मोकळा असतो आणि बाळ झोपतं. पण झोप फक्त बाळालाच येत नाही. दिवसभर ऑफिसात बसलेला माणूस रात्री दहाला स्टिअरिंगवर बसतो, आणि पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान, शरीर सर्वांत जास्त झोप मागतं तेव्हा, तुमची गाडी कोल्हापूर मागे टाकून घाटाच्या तोंडाशी असणार. करूळ, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट घ्या, भाद्रपदात तिथे रात्री धुकं, पाऊस आणि वळणावर पडलेले दगड असतात. गगनबावडा म्हणजे आपल्या राज्यातल्या भरपूर पावसाच्या गावांपैकी एक. त्यात मुंबई-पुण्याहून कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग. तुझी आई ज्याला घाबरतेय ते घाट नाहीत, रात्रीचे घाट आहेत. तिला हे नीट सांगितलंस तर तिचा विरोध निम्मा होईल.

शिवाय बाळ रात्रभर सीटमध्ये सलग झोपलं, तर ते सोयीचं दिसतं, चांगलं नसतं. या वयाच्या बाळाला अर्धवट बसलेल्या अवस्थेत सलग दोन तासांहून जास्त ठेवू नये. दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची, बाहेर काढायचं, सपाट जागी चटईवर पालथं-उताणं होऊ द्यायचं, लंगोट बदलायचा, दूध पाजायचं. रात्री हे कोण करतं? ‘झोपलीय ना, उठवू नको’ असं म्हणत चार तास निघून जातात. गावाला पोचल्यावरही झोपलेल्या बाळाची सीट उचलून ओटीवर ठेवायची आणि सगळ्यांनी चहाला बसायचं, हे करू नका. पोचलात की पहिल्यांदा तिला सपाट पाळण्यात.

मग कसं जायचं? माझ्या मनातला बेत दोन दिवसांचा आहे. चतुर्थीच्या दोन दिवस आधी, पहाटे साडेपाचच्या सुमारास, दूध पाजून, ढेकर काढून, पंधरा-वीस मिनिटं खांद्यावर घेऊन मग निघा. पोट तुडुंब भरल्या भरल्या गाडीत ठेवलं तर पहिल्याच गतिरोधकाला सगळं बाहेर येतं. पहिला थांबा साताऱ्याच्या अलीकडे किंवा साताऱ्याला, साधारण 110 किलोमीटरवर. पुढचा कऱ्हाडला, तिथून अजून पन्नासेक किलोमीटर. मग कोल्हापूर. एरवी पाच तासांत जाणारी माणसं बाळाला घेऊन सात-आठ तासांत कोल्हापूरला पोचली तर छान झालं म्हणायचं. सातारा ते कागल रस्त्याच्या सहापदरीकरणाची वळणं आणि खंबाटकी घाटात बंद पडलेला ट्रक, यांचा हिशेब वेगळा. कोल्हापुरात मुक्काम करा. सासूबाईंना अंबाबाईचं दर्शन होईल, सासऱ्यांना पांढरा रस्सा मिळेल, आणि दोघांनाही वाटेल की हा मुक्काम आपल्यासाठीच ठेवलाय. तसं वाटू दे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, नाश्ता करून घाट उतरा. कोणता घाट, ते पुण्यात ठरवू नका. दरवर्षी कुठे ना कुठे दरड, कुठे काम, कुठे एकेरी वाहतूक. आदल्या रात्री कोल्हापुरात हॉटेलवाल्याला, पेट्रोल पंपावर आणि गावच्या एखाद्या गाडीवाल्याला फोन करून विचारा. सासरे म्हणतील, ‘‘मी चाळीस वर्षं फोंड्यानंच उतरतोय.’’ त्यांना उतरू दे, पण तो घाट त्या दिवशी सुरू आहे ना एवढं बघून.

घाट उतरताना बाळाचे कान दडपतील म्हणून लोक कापूस घालतात. त्यानं काही होत नाही. गिळताना कान मोकळे होतात, म्हणून ती चोखणी घेत असेल तर उतरणीवर द्या, घेत नसेल तर घाटाच्या माथ्यावर थांबून थोडं पाजा. आणि रडलीच, तर रडण्यानंही कान सुटतात. गाडी लागण्याची काळजी तिच्याबाबत करू नकोस, दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. तुला लागू शकते. मागे तोंड केलेल्या बाळाकडे वाकून वाकून बघत बसलीस तर नक्कीच लागेल.

नवऱ्याला दोन दिवस जास्तीची सुटी मिळत नसेल तर? मग सासू-सासरे आणि दीर आधी जाऊ देत, आणि तुम्ही तिघं नंतर, शनिवार-रविवार धरून, गौरी-आवाहनाला पोचा. पहिल्या गणपतीचं दर्शन गौरीच्या दिवशी झालं म्हणून काही कमी होत नाही. घरचाच गणपती आहे, तो ओळखेल. रेल्वेचाही विचार करायला हरकत नाही, गाडीपेक्षा बर्थवर बाळ कितीतरी सुखी असतं, पण गणपतीत कोकणाकडची तिकिटं मिळणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू.

आता नवऱ्याबद्दल. ‘तू आणि आई मिळून ठरवा’ हे वाक्य वरून फार समंजस दिसतं. प्रत्यक्षात त्यानं तुला आणि सासूबाईंना समोरासमोर उभं करून स्वतः गॅलरीत जागा धरलीय. रात्रभर गाडी तो चालवणार, सुटी त्याला काढायची, वडील त्याचे. तेव्हा हे दोन ‘नाही’ त्याच्या तोंडून जायला हवेत, तुझ्या नाही. तू बोललीस तर ते सुनेचे नखरे होतील. तो ‘‘बाबा, मला रात्री गाडी चालवायची नाहीये, डोळा लागतो’’ म्हणाला, तर तिथे वाद संपतो. कोणताही बाप यावर ‘नाही, तू चालवच’ म्हणत नाही. हे पत्र त्याला वाचायला दे. पुढचा परिच्छेद त्याला वगळता येईल, दुधाबद्दल आहे. नाही, तोही वाचू दे.

अंगावरचं दूध पाजत असशील तर प्रवासात त्यासारखी सोय नाही. पण पाजायचं ते गाडी थांबल्यावरच. चालत्या गाडीत बेल्ट सोडून, सीटवर वाकून पाजणाऱ्या बायका मी बघितल्यात, ते तुझ्यासाठीही धोक्याचं आणि तिच्यासाठीही. मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, पण त्यासाठी हायवे सोडून गावात शिरावं लागतं. त्यापेक्षा गाडी सावलीत लावा, काचांना ओढणी अडकव, आणि पुरुषमंडळींना चहाला पाठव. वीस मिनिटांत परत येऊ नका, असं स्पष्ट सांगून. काढलेलं दूध बरोबर घेत असशील तर बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात ते एक दिवस टिकतं, बाहेर साध्या खोलीच्या तापमानाला चार तास. उन्हात लावलेली गाडी म्हणजे साधी खोली नव्हे. पावडरचं दूध देत असाल तर उकळलेलं पाणी थर्मासात आणि पावडर मोजून कोरड्या डबीत ठेवा, भूक लागली की ताजं बनवा, प्यायला सुरुवात केल्यावर तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या. बाटली भरून तयार ठेवणं सोयीचं वाटतं, पण पोट बिघडायला तेच पुरतं.

आणि तू पाणी पी. रस्त्यावरचे संडास बघून बायका प्रवासात घोटभर पाणीही पीत नाहीत आणि मग संध्याकाळी दूध कमी पडलं म्हणून रडतात. दर दीड-दोन तासांनी थांबायचंच आहे, तर संडासही दर थांब्याला आहे. डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू, फळं, दशमी असं काहीतरी हाताशी असू दे. तुझी सगळी भूक दोन वाजताच्या वडापाववर सोडू नकोस. बाळाच्या सामानाची यादी मी देत नाही, ती तुला माझ्याहून चांगली येते. फक्त जुन्या मऊ साडीचे तुकडे नेहमीपेक्षा दुप्पट घे आणि मच्छरदाणी विसरू नकोस.

गावी पोचल्यावरचं एक सांगते, जे कोणी तुला सांगणार नाही. पूजा झाली की पंचामृताची वाटी फिरते. कोणीतरी आत्याबाई, काकू, शेजारची आजी, प्रेमानं बोट बुडवून बाळाच्या जिभेला लावणार. ‘देवाचा प्रसाद आहे, एवढंसं तर आहे.’ पंचामृतात मध असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध थेंबभरही द्यायचा नाही, कारण त्यात असू शकणारे एका प्रकारचे जंतू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना पुरून उरतं, बाळाचं नाही. तेव्हा पूजेच्या वेळी बाळ कोणाकडे असेल हे आधी ठरव. सासूबाईंकडे दे आणि त्यांना कारण सांग. एकदा त्यांना पटलं की मग त्यांच्या हद्दीत कोणाची बोट पुढे करायची हिंमत होणार नाही. देवापुढे ठेवायचं, पाया पडवायचं, फोटो काढायचे, ते सगळं होऊ दे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी, गाईचं दूध, वरणाचं पाणी, गुटी, काही नको. उष्टावण पुण्याला परत आल्यावर, वेळ झाली की. गर्दीत सर्दी-खोकला असलेल्यांनी तिला घेऊ नये, मुका घेऊ नये, हे सांगायला वाईट वाटतं, पण तेही सासूबाईंच्याच खाती टाक. आरती, धूप, झांजा आणि रात्रीचं भजन चालू असताना तिला माजघराच्या पलीकडच्या खोलीत झोपव.

बेत कधी मोडायचा, हेही निघण्याआधीच नवऱ्याशी बोलून ठेव, म्हणजे ऐनवेळी भावनांचा बाजार होणार नाही. आदल्या संध्याकाळी हवामान खात्यानं सिंधुदुर्गाला किंवा कोल्हापूरच्या घाटमाथ्याला रेड अलर्ट दिला असेल, तर एक दिवस थांबायचं. बाळाला ताप असेल, श्वास जोरजोरात चालत असेल, जुलाब होत असतील किंवा ती दूध नीट ओढत नसेल, तर निघायचं नाही. वाटेत यांतलं काही झालं, लंगोट तासन् तास कोरडा राहिला किंवा ती नेहमीपेक्षा मलूल दिसली, तर ‘आता एवढं आलोय तर गावीच दाखवू’ न म्हणता जवळच्या शहरात वळायचं. कऱ्हाड, कोल्हापूर ही मोठी शहरं वाटेवरच आहेत. कणकवलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय. तरी निघण्याआधी कणकवलीतल्या एखाद्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि गणपतीत त्यांचा दवाखाना कधी उघडा असतो, हे सासरच्यांना विचारून घे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी 1033 हे नंबर फोनमध्ये असू देत. तापाचं औषध स्वतःच्या अंदाजानं देऊ नकोस, वजनाप्रमाणे किती थेंब द्यायचे ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आण.

राहिलं परत येणं. जाण्याचा बेत सगळेच आखतात, परतीचा कोणी आखत नाही. गौरी-विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळं कोकण एकदम घाट चढायला लागतं. तुमच्या घरी विसर्जनाची रात्र जागरणाची, सकाळी सगळे पेंगुळलेले, आणि नवऱ्याला लगेच ऑफिस. नेमकं तेव्हा पुन्हा कोणीतरी म्हणणार, ‘‘रात्री निघू, गर्दी लागत नाही.’’ विसर्जनानंतर एक दिवस पूर्ण झोपा. मग सकाळी निघा, पुन्हा कोल्हापूर, पुन्हा मुक्काम जमला तर उत्तमच. त्यासाठी सुटीचा तो आणखी एक दिवस नवऱ्यानं ऑफिसात आत्ताच मागायला हवा, चतुर्थीनंतर मागून मिळत नाही.

– ताई